बायवीकली म्हणजे किती वेळा?

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्याने हल्ली तो कागदावरच घालतो.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? माझं ठीक चाललं आहे. निवृत्त झालास म्हणून रिकामा बसू नकोस, असं तूच म्हणाली होतीस, तेव्हा पुढच्या प्रकाराला तूही थोडी जबाबदार आहेस.

दृष्टी गेलेल्यांना घरी जाऊन पुस्तकं वाचून दाखवणारी एक संस्था इथे आहे. तिथल्या बाईंनी मला एक पत्ता दिला आणि फॉर्मवर लिहिलं, ‘बायवीकली’. जन्मभर टपाल कचेरीत तारखांचे शिक्के मारलेला मी, मला वेळेबद्दल कुणाला विचारणं कमीपणाचं वाटलं. बाय म्हणजे दोन, वीक म्हणजे आठवडा. झालं! दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चारच्या ठोक्याला मी हजर.

पत्ता निघाला इंग्रजीच्या एका निवृत्त प्रोफेसरांचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माणूस तिरसट. माझा उच्चार चुकला की काठी फरशीवर आपटायची. (मग खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन भांडायच्या. माझ्याशी.) “तुमच्यापेक्षा रेडिओ बरा,” असं ते दर खेपेला म्हणायचे, आणि मंगळवारी मी निघताना, “शुक्रवारी उशीर नको,” असंही. असे पाच महिने गेले.

गेल्या सोमवारी संस्थेच्या बाईंचा फोन. “काका, तुमच्या नावावर चाळीस भेटी कशा? बायवीकली म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा!” मी शब्दकोश उघडला. त्यात दोन्ही अर्थ एकाखाली एक, निर्लज्जपणे दिलेले.

मंगळवारी मी तावातावाने विचारलं, “सर, संस्थेने तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“पंधरा दिवसांनी एकदा.”

“मग पहिल्याच शुक्रवारी बोलला का नाहीत?”

“शब्दाला दोन अर्थ आहेत. तुम्ही चुकीचा घेतला, असं मी कसं म्हणणार? पान एकशे बारा. आणि जरा सावकाश.”

वाचलं. सावकाश वाचलं. मग घरी येऊन बाईंना कळवलं की यापुढे फॉर्मवर लिहिल्याप्रमाणे काटेकोर बायवीकलीच जाईन. त्यांना फार बरं वाटलं.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढचा महिनाभर तुझ्याकडे राहायला येणार होतो, ते जमत नाही. तूच ये, आणि येताना तुझ्या रहस्यकथा पिशवीभर आण. शेवटची पानं शाबूत आहेत ना, ते बघून घे.

दुसरा ता. क. : पत्र सरांना वाचून दाखवलं. ‘तिरसट’ला हरकत नाही म्हणाले. एकच वाक्य गाळायला लावलं, ते इथे गुपचूप लिहितो : खालच्या बाई सांगतात, मंगळवारी आणि शुक्रवारी ते तीन वाजल्यापासूनच इस्त्रीचा शर्ट घालून, दार उघडं ठेवून बसतात.