दिव्याच्या बुडाची चकाकी

ती. आईस,

लेकीचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? दादा तेल चोळून देतो की नुसती चौकशी करतो?

इथली बातमी आनंदाची, असं सगळे म्हणतात. आम्ही दीड हजार वर्षांपूर्वीचं चर्च खणतोय. तीन महिने खापरांशिवाय काही मिळालं नव्हतं. परवा देणगीदार यायचे होते, आणि नेमका आदल्या दिवशी क्रूस कोरलेला मातीचा दिवा सापडला. तोही आमच्या साहेबांना, जे एरवी खड्ड्यात बुटाचं टोकही घालत नाहीत.

तुला मागे सांगितलं होतं, सापडलेली वस्तू धुतली की आम्ही तिच्या बुडाला बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका देतो आणि त्यावर शाईने क्रमांक घालतो. हा दिवा मी धुवायला घेतला, तर ठिपका आधीच चकाकत होता. म्हणजे कुठल्यातरी कपाटातला जुना दिवा आणून पुरलेला; क्रमांक तेवढा खरवडलेला, खालचं नेलपॉलिश विसरलेलं.

"साहेब, त्या काळच्या बायका भलत्याच नटव्या होत्या वाटतं," मी म्हटलं.

"बाई, नोंदीवर सही करा. नोकरीत कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

सही केली. फक्त तिच्या वर 'बुडाला जुनं नेलपॉलिश' एवढं लिहून ठेवलं. साहेबांनी ते वाचलं आणि तेव्हापासून फार गोड बोलतात. आज चहासुद्धा स्वतः आणून दिला. मी तो कुंडीत ओतला.

तू काळजी करू नकोस. माझी खोली मात्र झाडून ठेव. सहजच.

तुझी,
संशयी धाकटी