औंढ्याचं स्टेडियम अन् माझी सही

२ ऑक्टो.
मुक्ता पुण्याहून फुटबॉलची प्रॅक्टिस करून आली ती रडतच. क्लब दुसऱ्या राज्यात चाललाय. म्हणजे तिची मुलींची टीमही बंद. शहरात स्टेडियमला कुणी पैसा घालायला तयार नाही. आता आशा एकच, औंढ्यातली जागा. ती मिळाली तर बँक कर्ज देणार. म्हटलं, औंढ्यात कुणाची? "मामाची."
गुळाचा पाक करपला. अख्खा घाणा चिक्की वाया.

५ ऑक्टो.
क्लबचे वकील दुकानात. सातबारा काढून दाखवला, त्यावर दादाच्या नावाखाली माझं नाव. अजून आहे!
बाबांच्या तेराव्याला, पानं वाढायच्या आधी, दादाने हक्कसोडीवर सही घेतली होती. मला ओसरीवर खाली बसवून, स्वतः खुर्चीत. "बहिणीचं हितं काय ऱ्हायलंय? कर सही." आणि शहाण्याने तो कागद रजिस्टरच केला नाही! घरचाच मामला म्हणून अकरा वर्षं ट्रंकेत. आता माझ्या सहीशिवाय बँक हलत नाही. हिस्सा मिळेल म्हणे. हिस्स्याचं कुणाला पडलंय.
वकिलांना अर्धा किलो चिक्की फुकट. आज पोटभर जेवले.

९ ऑक्टो.
दादाचे फोन. उचलले नाहीत. मुक्ताचे बाबा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा मीही दादाला असेच लावत होते, बारा वेळा, त्याने एकही उचलला नाही. त्याचे आज नऊ झाले.

१४ ऑक्टो.
मुक्ता भांडी आपटते. "भांडण तुझं नि मामाचं, आणि हरायचं मी?"
तिच्या वयाची असते तर मीही असंच...
तरी सही नाही.

२३ ऑक्टो. भाऊबीज
अकरा वर्षांनी आला. पिशवीत साडी, साडीखाली विक्रीचा कागद. ओवाळलं, ते चुकवलं नाही.
"सुमे, झालं गेलं इसर. म्हैनाअखेर मुदत हाय. सही कर, लय उपकार व्हतील."
म्हटलं, करते की. मी बसले होते तसा खाली बस. इथे, गिऱ्हाइकांसमोर.
कान लाल झाले त्याचे. साडी काउंटरवर टाकून तडक गेला. काय गार वाटलं जिवाला! साडी देऊन टाकणार कुणाला तरी. रंग मात्र चांगला आहे.
मुक्ता नंतर म्हणाली, "मामा बसला असता, तर खरंच केली असतीस?"

३१ ऑक्टो.
सकाळी शटर वर केलं तर दादा पायरीवर. खाली. टोपी मांडीवर. गुडघे दुखतात त्याचे, मला ठाऊक आहे.
"बसलो बघ," एवढंच म्हणाला.
मुक्ताने त्याला चहा दिला, माझ्यापुढे विक्रीचा कागद आणि पेन ठेवलं. वकील रजिस्ट्रार ऑफिसात थांबलेत, पाचपर्यंतच.
गिऱ्हाइकं त्याला ओलांडून आत येतात. अकरा वर्षं हेच डोळ्यांसमोर आणत होते. आणि आता वाटतंय, त्याने इतक्यात नको उठायला.
साडेतीन झाले. अजून थोडा बसू दे.