कवितेखालचं नाव

प्रिय मंजू,

तुझ्या कवितेखाली कोणतं नाव घालू, हेच मी कालपर्यंत ठरवत होते. लातूरच्या होस्टेलवर माझ्या खांद्याला टेकून ती लिहिलीस तेव्हा तू मंजुश्री होतीस. मुखेडला लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘उज्ज्वला’ लिहिलं. तुझी नणंद मला म्हणाली, “आता मंजू म्हणून हाक मारलीस तर ओ द्यायची न्हाई बग!” सगळ्या हसल्या. तू नाही हसलीस.

आपल्यासारख्या क्वीअर मुलामुलींच्या, मुलीने मुलीवर नि मुलाने मुलावर केलेल्या प्रेमाच्या कवितांचं पुस्तक मी करतेय. रविवारी फोनवर एकेकाची कविता घेऊन बसते. देवणीचा एक जण विचारतो, “ताई, खोटं नाव चालंल का?”

“हाव, चालंल. नाव तुझं, तू ठरव.”

तुला मात्र विचारता येत नाही. तुझा फोन सासू उचलते, पत्रही तीच फोडेल. म्हणून हे माझ्याजवळच राहील.

शेवटी तुझी कविता मी पुस्तकातून काढून घेतली. माझ्या कवितेखाली माझं पूर्ण नाव घातलं, घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून आप्पा गावभर सांगतात तेच. कधी पुस्तक तुझ्या हाती पडलं, तर मला शोधायला अडचण नको. सकाळीच छापायला देऊन आले.

तुला अजून मंजूच म्हणणारी,
अक्षरा शंकरप्पा बिरादार