बाबांनी आवळलेलं फ्रीव्हील

३ फेब्रु., शनि.
बाबांच्या सायकलचं मागचं चाक मोडायला घेतलं. रिम गंजलीय, पण मधलं, तारा अडकतात ते हब तेच हवं म्हणतात. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माणूस पलंगावरून पाय खाली टाकत नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीला हाकलून दिलं. काल मात्र स्वतःहून म्हणाले, सायकल उभी कर, मग मीपण उभा राहतो. शब्द धरून ठेवलाय मी.

कटरनं तारा कापल्या सगळ्या. हब मोकळं, चेन बसते ते दातेरी फ्रीव्हील त्याला घट्ट चिकटलेलं. शाबासकीसाठी आत नेऊन दाखवलं. मिळाली ती अशी: "गो, आधी फ्रीव्हील काढूचा, मगे तारा! आता धरतलंस खंय?"

४, रवि.
खरंच, धरायचं कुठे? उरली एवढीशी तेलकट नळी. डिझेलात बुडवून ठेवलं होतं, ढिम्म.

नितीन आला नाहूरहून. "ताई, वाट लावलीस तू." धाकटा भाऊ, ऐकून घेतलं. साकीनाक्याला त्याच्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये वस्तू आवळून धरायचा व्हाइस आहे, तिथे गेलो. हब पकडलं, फ्रीव्हील उघडायचा ओपनर लावला, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो. हब गरकन घसरलं. ओपनर बसतो त्या खाचांचे कोपरे झिजले. त्या गेल्या की हब भंगारात. आणि बाबांचा शब्दही.

नितीन म्हणाला, "पायडल मारलं की हे आणखी आवळत जातं ना गं."

तेव्हापासून डोकं त्यातच. म्हणजे हे बाबांनी आवळलंय. कांदिवलीहून साकीनाक्याला कामावर, रोज. पुलाचा चढ. कॅरिअरवर आई, पुढे दांड्यावर मी. आम्ही दोन धडधाकट माणसं पाइप लावून जे हलवू शकलो नाही, ते या माणसाने नुसत्या पायांनी... घरी येऊन चादरीबाहेरच्या पोटऱ्या पाहिल्या. काड्या नुसत्या. विश्वास बसेना.

१०, शनि.
बाबांचीच युक्ती. "डाव्या बाजूक नव्यो तारा घाल. रिम जुनी चलतली. काढूपुरता चाक." फ्रीव्हीलच्या बाजूच्या भोकांना हात लावायचा नाही. मी पलंगाशी बसून तारा भरल्या, ते उशीवरून ओरडत होते. बऱ्याच दिवसांनी असं ओरडले. बरं वाटलं.

११, रवि.
पुन्हा साकीनाका. ओपनर व्हाइसमध्ये, त्यावर चाक आडवं. रिम दोन बाजूंनी धरली. "डावीकडे, ताई. झटका नको." आधी काही नाही. मग कडाड! मला वाटलं खाचा गेल्या. नितीन रिम सोडून मागे सरला.

निघालं होतं.

खालचे आटे पाहिले. बाहेर सगळा गंज, आणि आत लख्ख, कालच कापल्यासारखे. इतकी वर्षं उजेड लागला नव्हता त्यांना.

घरी आल्यावर हब बाबांच्या हातात दिलं. अंगठा आट्यांवरून फिरवत राहिले. मी म्हटलं, "बाबा, हे तुमच्या पायांनी आवळलेलं." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "माज्या?"

चाक अजून बांधायचंय. हे लिहितेय तोवर त्यांनी दोन्ही पाय खाली सोडलेत, तळवे लादीवर टेकलेत. उठले नाहीत. मी मान वर करत नाहीये; बघतेय कळलं तर पाय परत वर घेतील.