वरच राहिलेला दांडा

१३ मार्च २०२०, शुक्रवार
काल संध्याकाळी जाहीर केलं आणि आजपासून शाळा बंद. सकाळी टोलनाक्यावर पोचले आणि गाडीतून उतरायचंच विसरले. ब्रिटनच्या सीमेकडून येणारी बाजू मोकळी. शुक्रवार सकाळ, आणि मोकळी! चारही लेनचे दांडे खाली, दिवे चालू, कॅमेरे चालू, समोर कुणी नाही. उगाचच लेन २ चा दांडा वर-खाली करून पाहिला. चालतोय. माझं काम तेवढंच, दांडे नि कॅमेरे चालते ठेवायचे. गाड्या कुठून आणू?

डेक्लन, आमचा सुपरवायझर, खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. "इट्'ल बी ग्रँड," म्हणाला, म्हणजे सगळं ठीक होईल. चेहरा ग्रँड नव्हता.

घरी अप्पांचा प्रश्न, "माझ्या परतीच्या इमानाचं काय?" सासरे तीन महिन्यांसाठी आलेत. मेमध्ये परत. जातील म्हणा.

३० मार्च, सोमवार
डेक्लन आज उशिरा आला. राहतो सीमेपलीकडे, पंधरावीस मिनिटांवर. इतकी वर्षं रोज ये-जा करतोय, सीमा कुठे लागते तेसुद्धा कळत नाही, फक्त पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात. आज गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, थांबवलं. कुठे चाललात, का चाललात. कामाचं पत्र दाखवलं, सोडलं. पोरगा गार्ड होता, नम्रपणे बोलला म्हणे.

पण डे. आल्यावर कोट न काढता दाराशीच उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. चहाचा मग हातात दिला तर तसाच खाली ठेवला. मी घाबरले. काय झालं विचारलं तर म्हणाला, लहानपणी इथल्या जुन्या रस्त्यावर रोज थांबवायचे. तेव्हा बंदुका असायच्या.

२२ एप्रिल
काम नाही, म्हणून डे. बोलतोय. एरवी महिन्याभरात जेवढं बोलत नाही तेवढं आज दुपारी बोलला.

हा नाका त्याच्या वडिलांच्या गवताच्या शेतावर उभा आहे. लेन ४ जिथे आहे तिथे गंजी असायची. तीन वर्षं मी त्या लेनमध्ये पाना घेऊन वाकतेय आणि मला माहीत नाही! आधी होता फक्त गावातून जाणारा जुना रस्ता. त्यावर कस्टमची चौकी, मग सैनिक, टेकडीवर टेहळणीचा मनोरा. शांतता झाली, सगळं उखडलं आणि हा रस्ता आला. वडिलांनी हौसेने जमीन दिली. उद्घाटनाला सूट घालून उभे होते. आता गाड्यांची रीघ लागणार असं अख्ख्या गावाला वाटलेलं.

रीघ कधी लागलीच नाही. रस्ता नवा होता तोवर मंदी आली, बांधकामं थांबली, ट्रक गेले. राहिलेले लोक टोल चुकवायला आधीच्या फाट्यावर उतरतात, गावातून जातात, नाका ओलांडून पुन्हा चढतात. बरे दिवस फक्त पौंड पडला की. तेव्हा सगळा देश सीमेपलीकडे न्यूरीला स्वस्त खरेदीला पळतो. टोलची कंपनी तीनदा विकली गेली. आता मालक कर्ज देणारेच.

"म्हणजे तोटा कोविडच्या आधीपासून?" मी.
"ऑलवेज," डे.

सुन्न झाले. माझं साधं कामाचं परमिट, या एकाच कं.च्या नावावर. पाच वर्षं पुरी होतील २०२२ च्या उन्हाळ्यात, मग कुठेही काम करता येईल. तोवर कं. बुडाली तर मी, नवरा मंदार, लेक इरा, सगळे मायदेशी परत. मंदारला इथे अजून नोकरी नाही. आणि मी मुलाखतीत विचारलं काय, तर पार्किंग कुठे आहे!

१८ जुलै
रोख घेणाऱ्या खिडक्या कायमच्या बंद. मेरी, पॅट, सगळ्यांना निरोप. आता कार्ड आणि टॅग. उरलो डे., मी आणि रात्रपाळीचे दोघं. मेरीने जाताना स्वतःच्या हाताने खिडकीची काच पुसली. मला रडू आवरेना.

अप्पांचं विमान तिसऱ्यांदा रद्द.

३ जाने. २१
ब्रिटन बाहेर पडलं. बातम्यांत ट्रकच्या रांगा. आमच्याकडे नाहीत. गावातून मात्र ट्रकच ट्रक. इराची शाळा नेमकी जुन्या रस्त्यावर, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ट्रक. शाळा सुरू असली की अप्पा रोज हात धरून ओलांडून नेतात. आठ वर्षांची घोडी झाली तरी. "मी एकटी जाऊ?" विचारते, अर्थात इंग्रजीत. नाही म्हणजे नाही.

आणि ते ट्रक गावातून का जातात? माझे दांडे चुकवायला. हे आज पहिल्यांदा सुचलं. बरं नाही वाटलं.

२८ एप्रिल
अप्पांचे एसटी वर्कशॉपमधले दोन दोस्त एका आठवड्यात गेले. फोन आला की अप्पा आता उचलतच नाहीत, मंदारकडे देतात. दिवसभर खिडकीशी, परतीचं विचारतही नाहीत. आज एकदम म्हणाले, "पोरी, तुज्या नाक्यावर पूजा कवा करता?"
"कसली?"
"यंत्राची! खंडेनवमीला."
"नाही करत अप्पा. इथे कोण करणार?"
असे बघत राहिले, जणू मी सांगितलं की आम्ही जेवत नाही. "एवढी वर्सं झाली, येकदाबी न्हाई? मग चालंल कसं त्ये?" आयुष्यभर एसटीच्या बसना हार घातलेला माणूस. हसून सोडून दिलं.

२० सप्टें.
मेल. कर्ज देणाऱ्यांची माणसं १५ ऑक्टोबरला येणार, नाका बघणार. त्यावर ठरेल, टोल पुढे चालवायचा की मुदतीआधीच रस्ता सरकारला देऊन मोकळं व्हायचं. दिला तर टोल नाही. दांडे नाहीत. मी नाही.

मंदारला सांगितलं. त्याने कुकर बंद केला. मग म्हणाला, "त्या दिवशी सगळं नीट चाललं पाहिजे." बाबा रे, तेच तर.

१४ ऑक्टो., गुरुवार
चारही लेन तपासल्या. सगळं लख्ख. माझं मलाच कौतुक वाटलं.

अप्पा हट्टाने बरोबर आलेले. "नुसता बसतो." डे. नि ते कधीपासून दोस्त झालेत कोण जाणे. एक कोल्हापूरचं मराठी बोलतो, दुसरा इथलं इंग्रजी, आणि दोघांना सगळं कळतं. मी आत कंट्रोल रूममध्ये होते. बाहेर येऊन बघते तर प्रत्येक दांड्याला सुपरमार्केटातल्या शेवंतीची माळ, लेन १ समोर नारळ फुटलेला, आणि डे. कसल्याशा विहिरीचं पवित्र पाणी बाटलीतून शिंपडतोय! त्याच्या आईने दिलेलं, गाडीत कायम असतं म्हणे. ट्रॅक्टरवरसुद्धा शिंपडायचे.

"अप्पा!!"
"गप. गाड्या येऊ दे म्हनून सांगितलंय."

आरडाओरडा केला, माळा काढल्या. डे. म्हणाला, निदान एक राहू दे. ठेवली एक. मनातून खरं तर बरं वाटत होतं. मीच मेली भित्री.

१५ ऑक्टो., शुक्रवार, दसरा
हात अजून लाल आहेत.

सकाळी आठला फोन, दांडे वर गेलेत, खाली येईनात. चारही! पळत गेले. दांड्याखाली गाडी उभी आहे की नाही हे बघायला खांबात एक काळी गोल काच असते. ती झाकली की यंत्र समजतं, खाली कुणीतरी आहे, आणि दांडा खाली आणत नाही. सुरक्षेसाठीच. तर त्या चारही काचांवर कुंकू. तेलात कालवून, बोटाने दाबून, व्यवस्थित स्वस्तिक. मी फक्त माळा बघितल्या होत्या. सकाळच्या दवाने तेल पसरलं आणि काच पार आंधळी झाली.

अप्पांना फोन. "अगं, त्यो डोळाच की यंत्राचा! डोळ्याला कुंकू नगं लावायचं तर कुठं लावायचं?" वर्कशॉपमध्ये ते हेडलाइटलाच लावायचे. आणि पूजेत कुणाला वगळायचं नाही, म्हणून चारही.

पुसतेय, पुसतेय, तेल सगळीकडे फासलं जातंय. आणि नेमकी तेव्हाच कर्जवाल्यांची गाडी आली. एक बाई, दोन पुरुष. बाई उतरल्या, वर गेलेले चार दांडे बघितले, माझे लाल हात बघितले. त्यांना वाटलं रक्त आहे. "आर यू हर्ट?"

मी हात मागे लपवले. डे. पुढे झाला. "वी हॅड द प्लेस ब्लेस्ड," म्हणाला. वी! बाईंना हसू आलं नाही.

इथवर वाटत होतं की संपलं सगळं. मग ते सुरू झालं. आधी दोन ट्रक. मग पाच. ट्रकवाल्यांनी एकमेकांना कळवलं असणार, दांडे वर आहेत. दहानंतर बघते तर रांगच नव्हे, धार. लेन ४ मधून, डे.च्या वडिलांच्या गंजीवरून, कंटेनर, दुधाचे टँकर, कुटुंबं, न्यूरीला निघालेल्या बायका. कुणी थांबत नाही. कुणी हॉर्न वाजवून अंगठा दाखवतंय. डे. गोठल्यासारखा उभा. "ही शुड्'व्ह सीन धिस," एवढंच म्हणाला. वडिलांबद्दल.

मी नवा फडका आणला, स्पिरिट आणलं. बाई म्हणाल्या, "डोन्ट टच इट. लीव्ह देम अप."

फडका हातात तसाच राहिला.

तेवढ्यात मंदारचा मेसेज. "गावात आज एकही ट्रक नाही. काय झालंय?"

१६ ऑक्टो.
झोपले नाही नीट. बाईंनी सांगितलंय, शाळेची सुट्टी संपेपर्यंत दांडे वरच ठेवा, त्यांना गाड्या बघायच्या आहेत. रस्ता चालतो, टोल चालत नाही, असं त्यांच्या तोंडून निघालं. पंधरा वर्षं लोकांनी वाट पाहिली ती गर्दी आली आणि ती माझी नोकरी खायला आली.

अप्पांशी बोलले नाही. जेवायचं ताट वाढलं, एवढंच. मंदार म्हणाला, "त्यांनी मुद्दाम नाही केलं." मला माहीत आहे रे. म्हणूनच जास्त राग येतो, कुणावर काढू?

१९ ऑक्टो., मंगळवार
दुपारी शाळेपाशी गेले. रस्त्यावर पक्ष्यांचे आवाज. त्या रस्त्यावर! फाटकासमोर दोन आया मधोमध उभ्या राहून गप्पा मारतायत. इरा बाहेर आली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि एकटी चालत माझ्यापर्यंत आली. पलीकडे अप्पा नुसते उभे. हात पुढे केलेला, रिकामा.

"आय डिड इट ऑल बाय मायसेल्फ, मम!"

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. आणि तेव्हा कळलं की मला हवंय काय ते मलाच माहीत नाही. टोल राहावा? गेला तर बरं? दोन्ही. दोन्ही कसं चालेल?

संध्याकाळी अप्पांना म्हटलं, चहा घेणार का. "घेतो की," म्हणाले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

२९ ऑक्टो.
मेल. निर्णय नाताळनंतर. तोवर नेहमीप्रमाणे टोल सुरू करावा, सोमवारी सकाळी. डे.ला वाटतं, रस्ता सरकारकडे जाणार. त्याला दुःख आहे का विचारलं. म्हणाला, वडिलांनी शेत रस्त्यासाठी दिलं होतं, दांड्यासाठी नाही. मग माझ्याकडे बघितलं. "सॉरी," म्हणाला. माझं परमिट त्याला माहीत आहे.

आज तीन लेनच्या काचा साफ केल्या. चौथीची उद्या करते म्हटलं.

३१ ऑक्टो., रविवार
चौथीची काच केली. अप्पा बरोबर आले. मी पुसत होते, ते स्पिरिटची बाटली धरून उभे. कुंकू निघता निघेना. "मी चांगलं मागितलं हुतं," म्हणाले. "तुज्यासाठीच मागितलं हुतं." म्हटलं, "माहीत आहे अप्पा. आणि मिळालंसुद्धा." त्यांनी बाटलीचं बूच लावलं.

१ नोव्हें. २१, सोमवार
आठ वाजता चारही दांडे खाली घेतले. मीच बटण दाबलं, डे. दाबू का म्हणत होता, त्याला नको म्हटलं. पहिला ट्रक आला, ब्रेक मारला, ड्रायव्हरने माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. दुसरा आधीच्याच फाट्यावर वळला. नऊपर्यंत माझ्यासमोर रस्ता मोकळा.

लवकर निघून शाळेपाशी गेले. सुट्टीनंतरचा पहिला दिवस. जुन्या रस्त्यावर ट्रकला ट्रक, फाटक थरथरतंय. इरा बाहेर आली, दोन पावलं पुढे टाकली आणि थांबली. एक टँकर इतक्या जवळून गेला की तिचे केस उडाले. अप्पा ओलांडून गेले, हात धरला, घेऊन आले. तिने हात सोडवून घेतला नाही.

गाडीत बसल्यावर विचारलं, "हू पुट द बॅरियर्स डाउन, मम?"

आरशात तिचा चेहरा दिसत होता. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"मी," म्हटलं.