ताटावरून उठताना

कोमितान, मेक्सिको
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय एर्लिंदाताईस,

फिदेलियाचा नमस्कार. मी खुशाल आहे. इथं थंडी पडायला लागली, त्यामुळे सरहद्दीपलीकडून आणलेल्या आपल्या गावच्या, मोमोस्तेनांगोच्या घोंगड्यांना गिऱ्हाईक बरं आहे. तुझं पत्र मिळालं. आईच्या घशाखाली मक्याच्या पेजेशिवाय काही उतरत नाही, असं लिहिलंस. त्याच्यावरच लिहायला बसले आहे, पण आधी इकडचं सांगते.

उभ्या उभ्या पाव खाऊन पोट बिघडवतेस म्हणून तू नेहमी बोलतेस ना, आता बोलू नकोस. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खाणावळ सापडली आहे. चोलेबाई नावाची विधवा चालवते. लांबच लांब तीन टेबलं, वर फुलाफुलांचं मेणकापड. पंधरा पेसोत सूप, भात, मग कोंबडी नाहीतर डुकराचं मटण, आणि सूप पुन्हा मागितलं तर बाई कपाळाला आठी घालत नाही. मक्याच्या टॉर्तिया मात्र इथल्या पातळ. आपल्या एका टॉर्तियात यांच्या तीन होतील. नऊ वर्षं या गावात येते आहे आणि ही गल्ली मला दिसली नव्हती, यावरून माझी हुशारी ओळख.

पहिल्या दिवशी पोटभर जेवले, उठले आणि सवयीनं म्हणाले, "आभारी आहे सगळ्यांची." आणि उभी राहिले. चमचे हातात धरून सगळे माझ्याकडे बघत बसले. इथली रीत उलटी आहे. इथं उठणाराच बसलेल्यांना 'अंगी लागो' म्हणतो आणि चालू पडतो. आपल्याकडे उत्तर आल्याशिवाय पाय उचलत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? समोर नाबोर नावाचा वायरमन बसला होता. तो म्हणाला, "जेवायला चोलेनं घातलं, बाई. आमचे कसले आभार? मी तर तुमच्या पुढ्यातली मिरची पळवली."

मग मला सांगावं लागलं, की आमच्याकडे रांधणारीचे वेगळे आभार नसतात. जे आपल्याबरोबर बसले, त्या सगळ्यांचे मानायचे. मग ते म्हणतात, अंगी लागो, आणि तेवढं ऐकून जायचं. चोलेबाई भांडी विसळत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी उठले, आभार मानले, आणि तिन्ही टेबलांवरून एकदम आलं, "अंगी लागो, बाई." नाबोरचा आवाज सगळ्यात मोठा. चोलेबाईनं सगळ्यांना पढवून ठेवलं होतं.

मी बाहेर येऊन लिंबाच्या पोत्यांआड रडले, ताई. चोलेबाई मागून आली. घरी कोण आहे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आई आहे. ती म्हणाली, "मग हे तिच्याकडून ऐकायचं सोडून आमच्याकडून कशाला ऐकतेस?"

त्याचं उत्तर तुला देते. नऊ वर्षांत मी चार वेळा घरी आले आणि एकदाही जेवायला बसले नाही. दर वेळी मला बस गाठायची होती. तू म्हणालीस, माज आला हिला. माज नव्हता गं.

नऊ वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर नवव्या दिवशी प्रार्थना झाली आणि आपण जेवायला बसलो, तेव्हा आईनं मला विचारलं होतं, "निरोप पोचला होता का तुला?" मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "जेव."

निरोप पोचला होता. बसच्या कंडक्टरनं जत्रेत मला शोधून काढून सांगितला होता, की बाबा तुझं नाव घेतायत. जत्रेचे दोन दिवस उरले होते. मला वाटलं, बाबा दोन दिवस थांबतील. दोन दिवसांत माझ्या घोंगड्या संपल्या आणि बाबाही गेले.

त्या ताटावर बसून खोटं बोलले, मग आभार कोणत्या तोंडानं मानायचे? म्हणून गपचूप उठले आणि निघून गेले. आई संध्याकाळपर्यंत टेबलापाशीच बसून राहिली, असं तूच नंतर सांगितलंस. गुडघे धरले असतील, म्हणालीस. तिचे गुडघे धरले नव्हते, ताई. ती माझ्या शब्दाची वाट बघत होती.

हे पत्र तिला पेज पाजताना वाचून दाखव. वाटी तिच्या हातात असू दे. आधी निरोपाचं वाच, काही गाळू नकोस. मग सांग, फिदेलिया म्हणते, आभारी आहे.

तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती होणार नाही, म्हणून पत्र सकाळच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पुढे पाठवते आणि मी दुपारच्या गाडीनं निघते. रविवारपर्यंत इथं बाजार आहे, पण मी थांबत नाही. उरलेल्या घोंगड्या चोलेबाईच्या माळ्यावर टाकल्या आहेत.

आल्यावर मी दाराशीच उभी राहीन. आत ये म्हणून तू हाताला धरून ओढू नकोस. आईला काय म्हणायचं ते म्हणू दे. नाहीच म्हणाली काही, तर तिचा अधिकार आहे.

नऊ वर्षं त्या ताटापाशी उभीच असलेली,
तुझी धाकटी बहीण
फिदेलिया