कंसातलं हसू

प्रिय ठोक्या,

आधी अंगठ्याचं सांग. टाके काढले का? पू वगैरे झाला नाही ना? आणि पत्र बघून घाबरू नकोस, मी जिने चढतेय, भाजीवाल्याशी भांडतेय, सगळं नीट चाललंय. तुझा तो स्टुलाचा व्हिडिओ बघितला. शेवटी तू लोकांना सांगितलंस, की करवतीखाली अंगठा आला, टाके पडले, आणि आईला फोन करून सांगितलं तर ती छान छान म्हणाली आणि फोन ठेवून मोकळी झाली. वर म्हणालास, नोकरी सोडल्यापासून आमच्या मातोश्रींचा राग काही गेलेला नाही, सगळं जग माझे व्हिडिओ बघतं, तेवढी आई सोडून. ते मी वाचलं. हो, वाचलं. कसं ते सांगते.

ऑफिस सोडून तू सुतारकाम करणार म्हणालास तेव्हा मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. स्वतःची चांगली खुर्ची सोडून हा दुसऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करत बसणार, असं खालच्या शिंपीणबाईंपाशी बोललेही. पण तो राग तुझ्या पहिल्या दोन व्हिडिओंपुरताही टिकला नाही. अरे मेल्या, मी तुझा एकूण एक व्हिडिओ बघते. नुसती बघत नाही, साठवून ठेवते. मागे आलास तेव्हा माझ्या मोबाइलवर ते टिपणांचं ॲप टाकून गेला होतास ना, औषधं आणि वाणसामान लिहायला? औषधं मला तोंडपाठ आहेत, त्यामुळे ते रिकामंच पडून होतं.

एकदा व्हिडिओखाली काहीतरी भलतंच दाबलं गेलं आणि तू बोललेलं सगळं ओळीनं लिहून आलं. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात हे मला आता कळतं, तेव्हा वाटलं, झालं, बिघडवला मोबाइल. मग ते सगळं बोटानं धरून उचलायचं आणि टिपणात नेऊन चिकटवायचं, हे शिकण्यात माझी अख्खी दुपार गेली. दोनदा तर तू मधल्या मधेच गायब झालास. आता मात्र हात बसलाय. प्रत्येक व्हिडिओचं वेगळं टिपण आणि त्याला माझं नाव: 'खुर्ची डुगडुगते', 'दार घासतं', 'कपाटाला वास येतो'. तुझी नावं फार लांबलचक असतात बाबा, वाचेपर्यंत चहा गार होतो. शोधायच्या जागी 'सरस' एवढं लिहिलं की सरसाबद्दल तू जिथे जिथे बडबडलायस ते सगळं समोर हजर. मध्यंतरी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा पाय निखळला तर तुझंच टिपण समोर ठेवून बसवला. सरस लावून, दोरीनं आवळून एक दिवस हात लावायचा नाही असं तू म्हणतोस; मी दोन दिवस त्याच्या वाटेला गेले नाही. मग शिंपीणबाई त्यावर ऐसपैस बसून गेल्या, आणि त्यांचं वजन तुला माहीत आहे.

पण ते यंत्र लिहितं म्हणजे अगदी दम न घेता लिहितं. ना कुठे पूर्णविराम, ना स्वल्पविराम. ते सगळे मी बसून घालते. तू कुठे थांबत असशील ते मला बरोबर कळतं. अवघड जागा आली की तू 'तर मंडळी' म्हणतोस आणि जरा डोकं खाजवतोस. तू रंधा मारायला लागलास की यंत्र तिथे 'संगीत' असं लिहितं. ते मी तसंच राहू दिलंय, मला आवडलं. तू हसतोस ते मात्र त्याला लिहिता येत नाही. एवढी सगळी बडबड उतरवून घेतं आणि नेमकं तेवढंच गाळतं. मग ते मी घालते, कंसात: (इथे हसला). तुझा आधी डावा खांदा उडतो, मग दोन्ही हलायला लागतात, अगदी लहानपणापासून. म्हणून मी खांद्यांवर नजर ठेवून असते. ती मिशी मात्र कापून टाक बघू. अख्खं तोंड झाकून टाकलंयस. शिंपीणबाई म्हणतात, ऐटदार दिसतो. त्यांना काय जातंय बोलायला.

तुला आठवतं का रे, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा शाळेतून आलास की वाण्याच्या दुकानातून फोन करायचास आणि मुद्दाम गप्प राहायचास, आई ओळखते का बघायला? आम्ही सगळ्या बायका ओळीनं बोर्डासमोर, कानाला हेडफोन, आणि तू तिकडून नुसता नाकानं श्वास घेतलास तरी मी म्हणायचे, ठोक्या, आधी डबा धुवायला टाक. बाकीच्या बायका हसून बेजार व्हायच्या. समोरचा हॅलो म्हणाला की मला कळायचं, याला सर्दी झालीय, हा घरून भांडून आलाय, याचा आज पगार झालाय. साहेबसुद्धा म्हणायचे, कान असावा तर बाईंसारखा. तुझं नावही त्यातूनच पडलं. घरात कुठेही ठोकाठोक केलीस की मी दुसऱ्या खोलीतून सांगायचे, आता पातेलं, आता पाट, आता माझी पेटी, थांब तुला बघते.

त्या कानांचं आता काही खरं राहिलेलं नाही, बाळा. आधी दाराची बेल गेली, मग शिंपीणबाईंच्या हाका, मग तू. फोनवर तू बोलतोस ते मला नुसतं खरखर असं येतं. म्हणून मी माझंच सगळं एका दमात सांगते, मधे छान छान म्हणते आणि दूध ठेवलंय असं सांगून फोन ठेवून देते. तुझा अंगठा कापला त्या दिवशीही तेच केलं. मेसेज करावा म्हटलं, तर तू लगेच फोन केला असतास आणि मी पुन्हा छान छान म्हणाले असते. जन्मभर कानांवर पोट भरलेल्या बाईनं हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? लाज वाटली, भीती वाटली, काय काय वाटलं. पण परवा तो स्टुलाचा व्हिडिओ टिपणात घेतला, आणि माझ्या रागाचं तू बोललायस तिथे कंस टाकायला थांबले. शब्दांवरून थट्टाच वाटत होती. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. खांदा हलला नाही. मग ती ओळ तशीच सोडली आणि हा कागद घेतला. ठोक्या, मी तुझ्यावर रागावलेली नाही, मला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, उजव्या कानाला यंत्र लावलं तर समोर बसलेल्या माणसाचं थोडंफार कळेल. ते बसवून घ्यायला मी एकटी जाणार नाही, तू बरोबर हवास. त्यातून पहिला आवाज शिंपीणबाईंचा ऐकायची माझी मुळीच इच्छा नाही. अंगठा बरा झाला की ये, नाहीतर तसाच ये. आणि मिशी काढून ये. यंत्र चालो न चालो, तू काय बोलतोस ते मला निदान बघता तरी आलं पाहिजे.

डोळे अजून शाबूत असलेली,
तुझीच,
आई